पुढं काय? : टँकरच्या गावातून समुद्राकडे

दोस्तांनो,

या आठवड्याच्या टपालात लातूर जिल्ह्यातल्या एका मैत्रिणीचं पत्र आहे. दहावीची परीक्षा देऊन ती निकालाची वाट पाहतेय. नाव छापू नका म्हणते, म्हणून छापत नाही. ती लिहिते, "ताई, मला समुद्राचं शास्त्र शिकायचंय. समुद्र मी एकदाच पाहिलाय, शाळेच्या सहलीत, गणपतीपुळ्याला. बाबा म्हणतात, आपल्या गावात उन्हाळ्यात टँकरनं पाणी येतं आणि तू समुद्र शिकणार? त्यापेक्षा लातूरला क्लास लाव आणि डॉक्टर हो. मी काय करू?"

पत्र वाचून आधी मला हसू आलं. मग मी ते पुन्हा वाचलं. बाबांचा प्रश्न तसा फार चांगला आहे हो! टँकरच्या गावाचा आणि समुद्राचा संबंध काय? चला, आधी तेच पाहू या.

तुमच्या गावच्या शिवारात पडणारा पाऊस येतो कुठून? समुद्रावरून. जूनमध्ये नैर्ऋत्येकडून येणारे वारे समुद्रावरची वाफ उचलून आणतात हे तुम्ही भूगोलात शिकला आहात. पण समुद्राचं पाणी कुठं किती तापलंय यावर त्या वाऱ्यांचा जोर बराचसा ठरतो, हे पुस्तकात एखाद्याच ओळीत असतं. दूरच्या पॅसिफिक महासागराचं मधलं आणि पूर्वेकडचं पाणी नेहमीपेक्षा तापलं की त्याला एल निनो म्हणतात. २०१५ साली असा जबरदस्त एल निनो होता. त्या वर्षी देशात मोसमी पाऊस सरासरीपेक्षा १४ टक्के कमी पडला. मराठवाड्याचे हाल तर विचारू नका. पुढच्या एप्रिलमध्ये, म्हणजे २०१६ साली, मिरजेहून लातूरला चक्क रेल्वेनं पाणी आणावं लागलं. आमच्या या मैत्रिणीच्या आईबाबांना ती गाडी चांगलीच आठवत असेल.

पण गंमत अशी, की एल निनो आला म्हणजे दुष्काळ पडलाच असं नसतं. १९९७ साली एल निनो तसाच दांडगा होता, तरी पाऊस सरासरीइतका झाला. असं का? त्या वर्षी आपल्या हिंदी महासागराची आफ्रिकेकडची बाजू तापलेली होती आणि इंडोनेशियाकडची बाजू थंड होती. झोपाळ्याचं एक टोक वर गेलं की दुसरं खाली येतं, तसंच काहीसं. याला शास्त्रज्ञांनी १९९९ साली हिंदी महासागराचा 'डायपोल' असं नाव दिलं. त्या वर्षी पावसाला यानंच हात दिला असं बरेच जण मानतात. म्हणजे बघा, लातूरच्या विहिरीत किती पाणी येणार याचं थोडंसं उत्तर सुमात्रा बेटाजवळच्या समुद्रात सापडतं! हे बाबांना जरूर वाचून दाखव.

आता दुसरी शंका. समुद्रापासून इतक्या दूर राहणाऱ्या मुलीला हे जमेल का?

जमलेलं आहे की! अदिती पंत यांचं नाव ऐकलंयत? त्यांचा जन्म १९४३ साली नागपूरचा. नागपूर म्हणजे झिरो माईलच्या दगडाचं गाव, देशाच्या अगदी पोटात. तिथून समुद्र गाठायचा तर कुठल्याही दिशेला जा, लांबच. त्यांनी पुण्यात बी. एस्सी. केलं. ॲलिस्टर हार्डी नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाचं 'द ओपन सी' हे पुस्तक त्यांच्या वाचण्यात आलं आणि मनात समुद्र शिरला. शिष्यवृत्ती मिळवून त्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठात गेल्या, समुद्रविज्ञानात एम. एस. झाल्या. पुढं लंडनला समुद्रातल्या शेवाळांवर पीएच. डी. केली. मग परत येऊन गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम सुरू केलं. डिसेंबर १९८३ मध्ये भारताची तिसरी मोहीम अंटार्क्टिकाला निघाली, तिच्यात त्या होत्या. भूशास्त्रज्ञ सुदीप्ता सेनगुप्ता आणि अदिती पंत या अंटार्क्टिकावर गेलेल्या पहिल्या दोन भारतीय स्त्रिया.

त्यांच्या शिक्षणाचा क्रम नीट पाहा हं. आधी साधी विज्ञानाची पदवी. समुद्र नंतर. आजही बहुतेकांचा रस्ता हाच आहे, आणि आमची ही मैत्रीण नेमकी इथंच गोंधळलीय. पत्राच्या शेवटी तिनं विचारलंय, "अकरावीला समुद्रविज्ञान हा विषय कुठल्या कॉलेजात मिळेल?" अगं, मिळणार नाही आणि त्याची गरजही नाही. समुद्र हा एक विषय नाहीच मुळी. तिथं भौतिकशास्त्रवाले प्रवाह, लाटा आणि तापमान मोजतात. रसायनवाले पाण्यातला प्राणवायू, क्षार, कार्बन तपासतात. जीवशास्त्रवाले देवमाशापासून डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पतींपर्यंत सगळ्यांच्या मागं असतात. भूशास्त्रवाले तळाचा चिखल वर काढून त्यातून हजारो वर्षांपूर्वीचा पाऊस वाचतात. तेव्हा यातला एक विषय घट्ट धर, बारावी विज्ञान आणि मग बी. एस्सी. कर. तुझ्या जवळच्या चांगल्या कॉलेजात केलीस तरी चालेल. त्यानंतर दोन वर्षांची एम. एस्सी. समुद्राची.

एक मात्र कळकळीनं सांगते, गणित सोडू नकोस. जीवशास्त्र आवडतं म्हणून बारावीला गणित टाकून देणारी कितीतरी मुलं मला भेटतात. जीवशास्त्राकडं गेलीस तर ते नसतानाही निभेल. पण तुला पावसाचं आणि प्रवाहांचं शिकायचं असेल तर गणित आणि भौतिकशास्त्राशिवाय पान हलत नाही. दोन्ही विषय ठेवता आले तर ठेव. दार बंद करणं सोपं असतं, नंतर उघडताना घाम फुटतो. (मला फुटला होता. मी बी. एस्सी.ला गणित सोडलं होतं आणि एम. एस्सी.च्या पहिल्या वर्षी रात्र रात्र जागून ते भरून काढलं.)

एम. एस्सी. कुठं? आपल्याला सगळ्यात जवळचं गोवा विद्यापीठ. केरळात कोचीनच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठात समुद्राच्या अनेक शाखा आहेत. तामिळनाडूत परंगीपेट्टई नावाचं गाव आहे, वेल्लार नदी समुद्राला मिळते तिथं. अण्णामलै विद्यापीठाचं सागरी जीवशास्त्राचं केंद्र तिथंच आहे. ज्यांना मासे आणि मत्स्यशेती आवडते त्यांचा रस्ता थोडा निराळा. बारावीनंतर रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात चार वर्षांची पदवी घेता येते. पुढं मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. आणि आता कान देऊन ऐक, असंच एक मत्स्य महाविद्यालय तुझ्याच जिल्ह्यात, उदगीरला आहे! समुद्र नसला म्हणून काय झालं?

आता थोडं जहाजावर जाऊ या. त्याशिवाय तुम्ही मला सोडणार नाही.

पुस्तकात चित्र असतं निळ्या पाण्याचं आणि डॉल्फिनचं. माझ्या पहिल्या सफरीतले पहिले तीन दिवस मी फक्त बादली पाहिली. जहाज डोलायला लागलं की पोट आणि डोकं यांचं भांडण सुरू होतं. कुणी लिमलेटच्या गोळ्या देतं, कुणी सुंठ देतं. एका म्हाताऱ्या खलाशीकाकांनी मला डेकवर उभं करून क्षितिजाकडं बघायला लावलं, त्याचा थोडा उपयोग झाला. चौथ्या दिवशी मी डाळभात खाल्ला तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

काम कसं चालतं सांगते. जहाज ठरलेल्या जागी थांबतं. त्या जागेला 'स्टेशन' म्हणतात, पण तिथं ना फलाट ना चहावाला, चहूकडं नुसतं पाणी. मग तारेला बांधलेलं एक यंत्र खाली सोडतात. ते तापमान, खारटपणा आणि खोली मोजत जातं. त्याच्याभोवती लांबट बाटल्यांचं कडं असतं. वर बसून बटण दाबलं की हव्या त्या खोलीवर बाटली मिटते आणि तिथलं पाणी पकडून आणते. यंत्र सेकंदाला साधारण एक मीटर उतरतं. तीन हजार मीटर खाली जायला किती वेळ लागेल? करा हिशेब. पन्नास मिनिटं! आणि वर यायला तितकीच. हे रात्री दोन वाजताही चालतं, कारण जहाज रात्रीचं झोपत नाही.

यंत्राबरोबर आम्ही एक गंमत करायचो. थर्मोकोलच्या पेल्यावर रंगीत पेनानं नावं लिहायची, पेले जाळीच्या पिशवीत घालायचे आणि यंत्राला बांधून खाली सोडायचे. पाण्यात दर दहा मीटरला हवेच्या एका दाबाएवढा दाब वाढतो. तीन हजार मीटरवर तो तीनशे पट होतो. थर्मोकोलमधली हवा दाबून निघून जाते आणि वर येतो बाहुलीच्या भातुकलीतला पेला, त्यावर आपलं नाव मुंगीएवढ्या अक्षरात! माझा पेला अजून माझ्या टेबलावर आहे.

अशी जहाजं आपल्याकडं किती वर्षं काम करताहेत! 'सागर कन्या' १९८३ साली आलं, 'सिंधु साधना' २०१४ साली. २००२ च्या पावसाळ्यात 'सागर कन्या' अरबी समुद्रात मोसमी पावसाचा अभ्यास करायला गेलं होतं, आणि नेमका त्याच जुलैत देशात जवळजवळ निम्माच पाऊस पडला. शास्त्रज्ञांचीही अशी फजिती होते बरं. पण पाऊस का रुसला हेही मोजून ठेवावंच लागतं. जहाज सगळीकडं पोचत नाही म्हणून जगभरच्या समुद्रांत काही हजार तरंगती यंत्रं सोडलेली आहेत. ती हजार मीटर खोलीवर वाहत राहतात. दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत बुडी मारून, मोजमाप करत वर येतात आणि उपग्रहाला आकडे सांगून पुन्हा गुडुप होतात. भारतानंही अशी कितीतरी यंत्रं सोडली आहेत. तो आकड्यांचा डोंगर उपसायला माणसं लागतात. ती माणसं महिनोन्‌महिने जहाजावर नसतात, टेबलापाशी असतात. ज्यांना डोलणारं जहाज अजिबात सोसत नाही त्यांनाही इथं जागा आहे.

मुलींनो, एक गोष्ट लपवत नाही. एका सफरीच्या यादीतून माझं नाव वगळलं गेलं होतं, कारण मुलींसाठी वेगळी केबिन रिकामी नव्हती. कुणी ते मला समोर येऊन सांगितलंही नाही, यादी लागल्यावर कळलं. फार राग आला होता. दुसऱ्या वर्षी मी दोन मैत्रिणींना बरोबर घेऊन अर्ज केला. तिघींना मिळून एक केबिन द्यावी लागली. आता मुली सफरींवर जातात हे कुणाला नवं राहिलेलं नाही, तरी घरी हा प्रश्न निघेल. तो निघाला की अंटार्क्टिकाला गेलेल्या त्या दोघींचं साल सांगा, १९८३.

पालकांनो, आता दोन शब्द तुमच्याशी. नोकरीचं काय, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. हा रस्ता डॉक्टरकीसारखा सरळ नाही. जागा थोड्या आहेत आणि नुसत्या एम. एस्सी.वर कायमची नोकरी चटकन मिळत नाही. पण नेट परीक्षेत चांगला क्रमांक लावून शिष्यवृत्ती मिळवली, तर पीएच. डी. करताना घरून पैसे मागावे लागत नाहीत. २०२३ पासून ती रक्कम पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार आणि नंतर ४२ हजार रुपये आहे. पुढं गोव्याची संस्था आहे, तिची केंद्रं मुंबई, कोची आणि विशाखापट्टणमला आहेत. वास्कोला ध्रुवीय संशोधनाचं केंद्र आहे. हैदराबादच्या केंद्रातून कोळ्यांना मासळी कुठं मिळेल याचा अंदाज आणि त्सुनामीचे इशारे जातात. चेन्नईला समुद्राचं तंत्रज्ञान आहे. बंदरं, जेट्ट्या बांधताना पाण्याचा अभ्यास करणाऱ्या खासगी कंपन्या आहेत, आणि कॉलेजात शिकवणं तर आहेच. मुलगी पुढं पाच-सात वर्षं शिकत राहील आणि तिच्या मैत्रिणी तोवर कमावत्या झालेल्या असतील. हे तुम्हाला चालणार असेल तरच हो म्हणा, आणि मग अधूनमधून टोमणे मारू नका.

आता पुन्हा आमच्या लातूरच्या मैत्रिणीसाठी. तुला समुद्राचं काम आजपासून सुरू करता येईल. शाळेत पर्जन्यमापक असेल, बहुधा कपाटावर धूळ खात पडला असेल. गुरुजींना विचारून तो धुऊन घे आणि झाडांपासून लांब, मोकळ्या जागी बसव. १ जूनपासून रोज सकाळी साडेआठ वाजता मोजायचं आणि वहीत लिहायचं. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहायचं. शून्यसुद्धा नोंद असते, ती गाळायची नाही. विहिरीत दोर सोडून आठवड्यातून एकदा पाणी किती खोल आहे तेही मोज, पण एकटी जाऊ नकोस, बाबांना बरोबर ने. सप्टेंबर संपला की वही इकडं पाठवून दे. आणि हो, अकरावीला गणित घेतलंस की नाही तेही कळव.

तुमची,
ताई