गुण वाढले, जागा गेली

उत्तरपत्रिका तपासताना चूक होऊ शकते, हे राज्य मंडळाला मान्य आहे. म्हणून तर गुणपडताळणी, छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकनाची सोय आहे. लाखो उत्तरपत्रिका, मोजके परीक्षक आणि निकालाची घाई. कुठे आतल्या पानावरचे गुण बेरजेत धरायचे राहतात, कुठे पुरवणीतले एखादे उत्तर तपासायचेच राहून जाते. आमची तक्रार चूक होण्याबद्दल नाही, ती दुरुस्त व्हायला लागणाऱ्या वेळेबद्दल आहे. वाढलेले गुण हाती येईपर्यंत प्रवेशाच्या याद्या लागून गेल्या असतील, तर ते गुण काय कामाचे?

2025 ची वेळापत्रके शेजारी ठेवून पाहा. बारावीचा निकाल 5 मे रोजी लागला, दहावीचा 13 मे रोजी. अर्जाला प्रत्येकी पंधरवडा. पुनर्मूल्यांकन हवे तर आधी छायाप्रत घ्यायची आणि ती मिळाल्यापासून कामाच्या पाच दिवसांत पुढचा अर्ज करायचा. विषयामागे छायाप्रतीचे 400 आणि पुनर्मूल्यांकनाचे 300 रुपये. विडी वळून घर चालवणाऱ्या आईला दोन विषयांचे 1400 रुपये उभे करायला वेळ लागतो. छायाप्रत विषयाच्या सरांना दाखवावी, तर मे महिन्यात सर गावी गेलेले. करमाळा-मंगळवेढ्याच्या खेड्यातल्या मुलीला अर्ज भरायला तालुक्याचे नेट कॅफे गाठावे लागते. इतके करूनही ती सगळ्या तारखा पाळते, कारण एक चुकली की संपले. सोलापूर जिल्हा ज्या पुणे विभागीय मंडळाखाली येतो, ते तिला उत्तर किती दिवसांत देणार, हे मात्र तिला कुणी सांगत नाही.

इकडे प्रवेश थांबत नाहीत. त्या वर्षी अकरावीची ऑनलाइन प्रवेशप्रक्रिया पहिल्यांदाच राज्यभर लागू झाली आणि सोलापूरही तिच्यात आले. दहापर्यंत पसंतीक्रम द्यायचे. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाले की प्रवेश घ्यायचाच, नाहीतर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. पसंतीक्रम भरताना मूल आपल्या गुणांकडे बघूनच भरते. गणितात दहा गुण कमी दिसत असतील, तर संगमेश्वर किंवा वालचंदचे नाव वर टाकायचे धाडसच ते करत नाही. खालचे महाविद्यालय पहिले लिहिते, ते मिळते आणि नियमाने तिथेच बांधले जाते. नंतर गुण वाढून आले तरी नियमित फेऱ्यांत पसंती बदलायची वाट बंद झालेली असते.

बारावीत एखाद्या विषयात दोन-चार गुणांनी अडलेल्याची अवस्था याहून वाईट. पुरवणी परीक्षा 24 जूनपासून होती. पुनर्मूल्यांकनाचा निकाल हाती नसेल, तर त्याने पुरवणीचाही अर्ज भरायचा, दोन्हीकडे पैसे मोजायचे आणि ज्या विषयात तो कदाचित आधीच उत्तीर्ण आहे, त्याच विषयाचा पुन्हा अभ्यास करत बसायचे. घरचे, शेजारचे ‘नापास’ म्हणतात, ते वेगळेच.

वेळापत्रक हलवता येत नाही, असे उत्तर यावर मिळते. ते आम्हाला पटत नाही. त्याच 2025 च्या मे महिन्यात अकरावी प्रवेशाचे संकेतस्थळ सुरुवातीलाच कोलमडले. 10 जूनला लागायची पहिली यादी 28 जूनला लागली. शासनाच्या यंत्रणेची अडचण होती, तेव्हा अख्खे राज्य थांबले. चुकीचे गुण मिळालेल्या मुलासाठी एक जागा थांबू नये?

आपली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्कही सहजासहजी मिळालेला नाही. महाराष्ट्राच्याच मंडळाविरुद्धच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाचा कौल विद्यार्थ्यांच्या बाजूने होता. 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि पाहणी-पुनर्मूल्यांकन नाकारणारा मंडळाचा नियम उचलून धरला. 2011 मध्ये त्याच न्यायालयाने माहिती अधिकारात उत्तरपत्रिका पाहता येईल, असा निर्णय दिला. 2019 मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात ते आणखी पुढे गेले: विद्यार्थ्याचा दोष नसेल आणि त्याने वेळेत दाद मागितली असेल, तर अपवादात्मक परिस्थितीत जागा वाढवून किंवा पुढच्या वर्षी जागा देऊन त्याला न्याय देता येतो. एमबीबीएससाठी जे तत्त्व चालते, ते अकरावी विज्ञानाला आणि बीएस्सीला का चालू नये? प्रत्येक घराला न्यायालयाची पायरी चढणे परवडत नाही.

मंडळाने निकालाच्या प्रकटनातच स्वतःची मुदत छापावी: छायाप्रत अमुक दिवसांत, पुनर्मूल्यांकनाचा निकाल अमुक दिवसांत आणि तोही पहिल्या यादीच्या आधी. ते जमले नाही, तर ज्यांचे अर्ज प्रलंबित आहेत त्यांना पहिल्या पसंतीच्या सक्तीतून वगळावे. वाढलेल्या गुणांनी जे महाविद्यालय मिळाले असते, तिथे वाढीव जागा द्यावी. पडताळणीचा अर्ज आणि प्रवेशाचा अर्ज दोन्ही ऑनलाइनच आहेत. ते एकमेकांना जोडण्याचे काम शालेय शिक्षण विभागाने येत्या निकालाच्या आत पूर्ण करावे आणि सोलापूरच्या लोकप्रतिनिधींनी त्याचा जाब अधिवेशनात विचारावा.