यंत्राचा स्वतःचा गोंगाट

नव्या दुर्बिणीची वार्ता आली की तिचा आरसा केवढा आणि कॅमेऱ्यात बिंदू किती, एवढीच चौकशी होते. आमच्या मते पहिला प्रश्न निराळा असावयास हवा : ताऱ्याचा प्रकाश येण्यापूर्वीच हे यंत्र स्वतः किती गोंगाट करते ?

उदाहरण मराठी मुलखातीलच घेऊ. काकतीवरून उत्तरेस जाणारा महामार्ग ज्या पुण्यास पोहोचतो, त्याच जिल्ह्यात गिरवलीच्या डोंगरावर आयुका संस्थेची २ मीटर व्यासाची दुर्बीण आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा ‘टिरकॅम-२’ हा अवरक्त कॅमेरा तेथे वापरला गेला व मे २०१७ मध्ये नैनितालजवळील देवस्थळच्या ३.६ मीटर दुर्बिणीवरून शास्त्रज्ञांस उपलब्ध झाला. त्याच्या शोधकात इंडियम अँटिमनाइडचे ५१२ गुणिले ५१२ बिंदू आहेत. आजच्या साध्या मोबाइलपुढे ही संख्या क्षुद्रच !

परंतु अवरक्त किरण म्हणजे उष्णतेचेच किरण. शोधक उबदार राहिला तर त्याच्या स्वतःच्या उष्णतेनेच त्यात इलेक्ट्रॉन सुटतात व अंधारातही प्रकाशाचा भास होतो. म्हणून हेलियमच्या शीतयंत्राने तो सुमारे उणे २३८ अंश सेल्सिअसपर्यंत थंड करावा लागतो. बिंदूंवरील विद्युद्भार मोजणाऱ्या मंडलाचा गोंगाट उरतोच. तोही कौशल्याने कमी करता येतो.

यापुढे मात्र मानवाचे कौशल्य थांबते. प्रकाशकण पावसाच्या थेंबांसारखे अनियमित पडतात. सरासरी १०० कण येत असतील, तर मोजणीत सुमारे १० चा चढउतार असणारच. त्यात आकाश आणि दुर्बीण स्वतःही अवरक्तात उजळतात, आणि त्या उजेडाचा चढउतार वजा करता येत नाही. गोंगाटाचे प्रमाण निम्मे करावयाचे तर चौपट वेळ निरीक्षण करावे, हाच एक मार्ग. शोधक परिपूर्ण झाला, तरीही !

शास्त्रज्ञ ही मर्यादा लपवीत नाहीत. आकडा देऊन छापतात. आमच्या शाळांतून काय चालते ? लंबकाच्या प्रयोगात उत्तर ९.८ यावे म्हणून न जुळणारी नोंद रबराने पुसली जाते, आणि स्वच्छ वहीस गुण मिळतात. हा प्रकार आम्हांस घातक वाटतो. पुसलेल्या नोंदीतच त्या घड्याळाचा व त्या हाताचा गोंगाट होता. प्रयोगवहीत दहाही वाचने शाईने लिहावीत, त्यांतील कमाल फरकासाठी एक रकाना आखावा, आणि शिक्षकांनी प्रथम तो तपासावा.