वाटेत अडलेली सायकल

मोटार रस्त्यात बंद पडली की चार माणसे धक्का द्यावयास धावतात. त्यात माणुसकी असते तशी सोयही असते. कारण मोटारीने सर्वांचीच वाट अडविलेली असते. सायकल बिचारी कोणाचीच वाट अडवीत नाही. तिचा धनी तिला मुकाट्याने कडेला घेतो, वाकून चाक दाबून पाहतो आणि हँडल धरून चालू लागतो. आपण त्याच्या शेजारून निघून जातो. ‘सायकलच ती, नेईल ढकलत!’ एवढा विचार मनात येतो न येतो तोच पुढचे वळण आलेले असते. आजचा हा लेखनप्रपंच त्या ढकलत नेणाऱ्या माणसासाठी आहे.

ढकलत नेणे म्हणजे काय, याचा हिशेब एकदा मांडून पाहू. साधी सायकल तासाला बारा ते पंधरा किलोमीटर जाते. ती ढकलीत चालणारा माणूस तासाला चार किलोमीटरच्या पुढे फारसा जात नाही. म्हणजे आठ किलोमीटरवरच्या गावाहून बेळगावात येणाऱ्याची अर्ध्या-पाऊण तासाची वाट दोन तासांची होते. ज्याच्या कॅरियरला दुधाच्या किटल्या लटकल्या आहेत किंवा भाजीचे पोते बांधले आहे, त्याचे गिऱ्हाईक तेवढा वेळ थांबत नाही. ज्याला बांधकामावर सकाळी आठाला हजर व्हावयाचे आहे, त्याचा अर्धा रोज गेला. अलीकडे हौसेने सायकल चालविणारे पुष्कळ दिसतात, आणि ते दिसतात याचा आनंदच आहे. पण त्यांच्या घरी दुसरे वाहन असते. ज्याला सायकलीवाचून दुसरे काहीच नाही, त्याची सायकल अडली म्हणजे त्याचा दिवसच अडतो.

हे आपण सर्वांनी २०२० साली पाहिले आहे. मार्चमध्ये टाळेबंदी झाली, आगगाड्या आणि बसगाड्या थांबल्या आणि हजारो मजूर सायकलींवरून आपापल्या गावी निघाले. बिहारच्या दरभंगा जिल्ह्यातील एका पंधरा वर्षांच्या मुलीने जखमी वडिलांना मागे बसवून गुरुग्रामपासून आपल्या गावापर्यंत सुमारे १२०० किलोमीटर सायकल चालविली. अशा प्रवासात एक खिळा काय करू शकतो, हे निराळे सांगावयास नको.

मुलींचा विषय निघाला म्हणून आणखी एक गोष्ट. बिहार सरकारने २००६ साली नववीतील मुलींना सायकली देण्याची योजना सुरू केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास करून २०१७ साली तो प्रसिद्ध केला. माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींचे प्रमाण त्या योजनेमुळे सुमारे ३२ टक्क्यांनी वाढले, असे त्यांना आढळले. आणि जेथे शाळा लांब होती तेथेच ही वाढ विशेष होती. आपल्या कर्नाटकातही २००६-०७ पासून आठवीच्या विद्यार्थ्यांना सायकली देण्यास आरंभ झाला. सायकल मिळाली, मुलगी शाळेत जाऊ लागली, इथवर सर्व ठीक. पण पावसाळ्यातल्या एका सायंकाळी चेन पडली, मुलगी अंधार पडेतो घरी आली नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा तसेच झाले. मग घरातले वडीलधारे म्हणतात, ‘उद्यापासून नको पाठवू.’ त्यांना वाईट म्हणता येत नाही. त्यांच्या जिवाला घोर लागलेला असतो. ज्या चेनीपायी हे घडते, ती परत बसवावयास दोन मिनिटे पुरतात. ती दोन मिनिटे देणारे कोणी त्या रस्त्याने गेलेच नसेल काय? पुष्कळ गेले असतील.

त्यांना दया नव्हती असे मी म्हणणार नाही. माझा अनुभव असा की, मदत करावी असे वाटणारे लोक आपल्यात भरपूर आहेत. परंतु थांबून करावयाचे काय, हे त्यांना ठाऊक नसते. हाताला काम येत नसले म्हणजे मनातली दया पाय उचलत नाही. आपल्या पांढरपेशा घरांतून मुलाला गणित येते, संगणक येतो. सायकलची ट्यूब मात्र त्याने उघडी कधी पाहिलेली नसते. हात काळे होण्याचा संकोच पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे.

निदान बेळगावकरांना तरी हा संकोच शोभत नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर हे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकविणारे गृहस्थ. पण किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाचा आरंभ झाला तो १८८८ साली आपल्याच गावातील सायकलीच्या दुकानातून. सायकली विकाव्यात, दुरुस्त कराव्यात, असे ते काम. पुढे लोखंडी नांगर आला, १९१० साली किर्लोस्करवाडी वसली. त्या मोठ्या उद्योगाच्या मुळाशी सायकलीच्या तेलाने काळे झालेले हात आहेत, आणि ज्या रस्त्याला आपण त्यांच्या नावाने ओळखतो तो रोज आपल्या पायांखालून जातो.

तेव्हा आता थोडे कामाचे बोलू.

आज पंक्चर काढणे सोपे आहे, ते एका अडलेल्या सायकलस्वारामुळेच. पूर्वी हवेचा टायर लोखंडी कड्याला डिंकासारख्या द्रव्याने चिकटविलेला असे. १८८९ साली फ्रान्समधील क्लेरमाँ-फेराँ गावी एक सायकलस्वार आपला फुटलेला टायर घेऊन मिशलिन बंधूंच्या कारखान्यात आला. तो उतरवून सांधावयास काही तास लागले आणि द्रव्य वाळण्यासाठी रात्रभर वाट पाहावी लागली. एदुआर मिशलिन यांनी त्यावर विचार करून सहज काढता-घालता येणारा टायर तयार केला आणि १८९१ साली त्याचे पेटंट घेतले. अडलेल्या परक्या माणसासाठी दार उघडले, त्यातून हे निघाले.

चाक बसलेले दिसले की प्रथम पंक्चरच गृहीत धरू नये. आपल्या साध्या सायकलीच्या वॉल्व्हवर रबराची बारीक नळी असते. तिला वालट्यूब म्हणतात. ती जुनी झाली की चिरते आणि हवा तेथूनच जाते. हवा भरून वॉल्व्हच्या तोंडाला थुंकीचे बोट लावावे. बुडबुडा आला तर वालट्यूब बदलली की काम झाले. चार-सहा रुपयांच्या ह्या तुकड्यासाठी माणसे मैलोगणती चालली आहेत.

पंक्चरच असेल तर टायरवरून नजर फिरवून काटा, खिळा, काच शोधावी आणि ती जागा ध्यानात ठेवावी. उरलेली हवा सोडून टायरची एकच बाजू पट्ट्यांनी उचलावी. पट्ट्या नसल्या तर चमच्याचे गुळगुळीत दांडे चालतात. स्क्रू-ड्रायव्हर मात्र घालू नये, एकाची दोन भोके होतात. ट्यूब बाहेर ओढून हवा भरावी आणि गालाजवळून फिरवावी. गालाला बारीकशी हवाही कळते. नाही कळली तर पाण्यात बुडवून बुडबुडे पाहावे. पावसाळ्यात आपल्या रस्त्यांवर त्यासाठी घमेल्याची गरज पडत नाही! भोक सापडले की ती जागा कोरडी करून काचकागदाने घासावी, सोल्युशनचा पातळ थर द्यावा, आणि येथे थांबावे. ओल्या सोल्युशनवर ठिगळ धरत नाही. चार-पाच मिनिटांनी चकाकी गेली म्हणजे ठिगळ ठेवून घट्ट दाबावे. ट्यूब परत घालण्यापूर्वी टायरच्या आतून फडक्याने चाचपून काटा काढून टाकावा. तो राहिला तर पुढच्या फर्लांगावर पुन्हा तीच गत. शेवटी ट्यूबमध्ये थोडी हवा भरून ती आत बसवावी, टायर अंगठ्यांनी चढवावा आणि ट्यूब कडेला चिमटली नाही ना, हे पाहून मगच पुरती हवा भरावी.

चेन पडली असेल तर आधी ती मागच्या चक्रावर नीट बसवावी. मग पुढच्या मोठ्या चक्राच्या खालच्या दात्यांवर दोन-तीन कड्या अडकवून पायडल हळूच उलटे फिरवावे. चेन आपोआप चढते. हाताशी वडाचे पान किंवा कागद असला की बोटे काळी होत नाहीत. मात्र बोटे चेन आणि दाते यांच्यामध्ये जाऊ देऊ नयेत. एखादा स्पोक तुटला तर तो शेजारच्या स्पोकला गुंडाळून ठेवावा. आणि ब्रेक निकामी असेल तर उतारावर बसून जाऊ देऊ नये. तेथे चालतच जावे. सायकलीपेक्षा माणूस मोलाचा.

मदत कशी करावी यालाही रीत आहे. आपले वाहन रस्त्याच्या बाहेर घेऊन मग थांबावे आणि त्याचीही सायकल वाहतुकीपासून दूर घ्यावी. अडलेली बाई किंवा मुलगी एकटी असेल तर चार पावलांवरूनच विचारावे, ‘ताई, काय झालं? पंप आहे माझ्याजवळ.’ तिने नको म्हटले तर राग मानू नये. घरी फोन करावयाचा आहे काय एवढे विचारावे. आपल्या भागात समोरचा मराठी असेल किंवा कन्नड असेल, ‘काय झालं?’ म्हणा की ‘एनात्री?’ म्हणा, पंपाला भाषा नसते. काम झाल्यावर उपदेश करू नये आणि पैशाचे नावही काढू नये. आपण भीक घातलेली नसते. वाटेवरच्या सोबत्याला हात दिलेला असतो. माणूस पडून जखमी असेल तर मात्र सायकल बाजूला ठेवून आधी १०८ किंवा ११२ ला फोन लावावा. अपघातातील माणसाला सद्भावनेने मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. पोलिसांच्या फेऱ्यात अडकण्याच्या भीतीने मान फिरवू नये.

फ्रान्समध्ये १९१३ साली मोठी सायकल शर्यत चालू असता एजेन क्रिस्तोफ या स्वाराच्या सायकलीचा पुढचा फोर्क तुर्माले घाटात मोडला. सायकल खांद्यावर घेऊन तो दहा किलोमीटरहून अधिक चालला आणि एका खेड्यातल्या लोहाराच्या भट्टीवर त्याने तो स्वतः जोडला. स्पर्धकाने दुसऱ्याची मदत घेऊ नये असा नियम असल्यामुळे पंच उभे राहून पाहत होते. लोहाराकडच्या एका पोराने भाता ओढला, तेवढ्यासाठी क्रिस्तोफला दंड म्हणून वेळ वाढवून दिला गेला. शर्यतीचा तो न्याय शर्यतीपुरता ठीक असेल. आपण मात्र रोज ज्या रस्त्याने जातो तेथे कोणी पंच उभा नाही आणि भाता ओढणाऱ्याला दंडही नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. एक पत्र्याचा डबा घ्या. त्यात दोन पट्ट्या, ठिगळे, सोल्युशनची नळी, काचकागद, हातभर वालट्यूब, एक पाना आणि जुने फडके ठेवा. सोल्युशन उघडल्यावर वाळते, तेव्हा वर्षातून एकदा ते पाहून बदला. डब्याशेजारी हवेचा पंप ठेवा आणि दोन्ही वस्तू माडीवर नव्हे, तर फाटकाजवळच्या ओट्यावर ठेवा, जेथून येणाऱ्याजाणाऱ्याला मागता येतील. येत्या सुट्टीत घरातल्या मुलाला आणि मुलीलाही जुन्या ट्यूबवर दोनदा पंक्चर काढावयास लावा. तिसऱ्या वेळी ती पंधरा-वीस मिनिटांत काढतील. एकदा हाताला ते वळण पडले की रस्त्याकडेला वाकलेला माणूस दिसताच त्यांचा पाय आपोआप ब्रेकवर जाईल.