गळती शोधण्याची मजुरी

पोळ्याच्या सुमाराला झड लागली की पांढुर्ण्यातल्या माझ्या गॅरेजसमोर जुन्या गाड्या उभ्या राहतात. मारुती ८००, ओम्नी, जुनी वॅगन आर. सौंसरकडूनही येतात. मागणी ठरलेली: ‘‘भाऊ, आत पाणी येऊन राहिलं, सिलिकॉन मारून द्या.’’

सिलिकॉनशी माझं वैर नाही. भेग सापडली की तेही वापरतो. पण भेग सापडायच्या आधी नळी दाबायला माझा विरोध आहे. पाणी शिरतं एकीकडे आणि दिसतं भलतीकडे.

पायाखालचं मॅट भिजलं की सगळे समोरच्या काचेच्या रबराकडे बोट दाखवतात. मी आधी बॉनेट उघडतो. आपल्याकडे गाडी सावलीला, म्हणजे लिंबाखाली लावायची सवय. त्याची पानं-काड्या वायपरखालच्या जाळीतून आत जातात, निचऱ्याची वाट तुंबते आणि साचलेलं पाणी हवा यायच्या तोंडातून डॅशबोर्डामागे उतरतं. पाऊस नसताना मॅट ओलं असेल तर एसीची नळी तुंबलेली असू शकते. ओल चिकट आणि गोडसर वासाची असेल, तर ते हीटरमधून गळणारं कूलंट.

दाराचं वेगळंच. काचेच्या कडेने दारात थोडं पाणी जाणारच. ते बाहेर पडावं म्हणून दाराच्या तळाला भोकं असतात आणि आत येऊ नये म्हणून ट्रिममागे पन्नी चिकटवलेली असते. स्पीकर बसवताना ही पन्नी फाडली जाते, परत कोणी लावत नाही. वर एखादा हुशार तळाची भोकंच सिलिकॉनने बुजवतो. मग दार आतून सडतं.

शोधायची रीत साधी आहे, पण वेळखाऊ. मॅट, फोम काढून पत्रा कोरडा पुसायचा. एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून बारीक धार सोडायची. खालून सुरुवात करून हळूहळू वर. वरूनच पाणी ओतलं तर सगळीकडे ओघळ येतात आणि काहीच कळत नाही. दाराच्या रबरात दहाची नोट धरून दार लावायचं. नोट सहज ओढली गेली, तर रबर तिथे दबून सैल झालेलं आहे.

एवढं करून कधी निघतो मूठभर पाला, आणि गिऱ्हाईक म्हणतं, ‘‘कचरा काढायचे इतके?’’ डॉक्टरला तपासणीची फी आपण मुकाट्याने देतो, मिस्त्रीला मात्र फक्त सामानाचे पैसे. म्हणूनच मिस्त्रीही शोधत बसत नाही. सिलिकॉन थापतो आणि मोकळा होतो.

१ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षं झालेल्या मोटारीची नोंदणी पुन्हा करण्याची फी सहाशेवरून पाच हजारांवर गेली. एवढे भरून गाडी ठेवायची, तर पत्रा टिकवायला हवा. त्यातही ज्यांच्या डिक्कीतून बागेची खतं जातात, त्यांनी स्टेपनी उचलून खाली बघावंच. खत आणि पाणी मिळून पत्रा खातात.

गॅरेजवाल्यांनी बिलात तपासणीची मजुरी वेगळी लिहावी आणि गाडीवाल्यांनी ती द्यावी. नुसता पाला निघाला म्हणून काम छोटं होत नाही. विनाकारण काच उतरवायचा खर्च त्यानेच वाचतो.