न बोलण्याची मर्दुमकी

९ मार्च २०२२ च्या संध्याकाळी भारतातून एक ब्रह्मोस क्षेपणास्त्र चुकून सुटले आणि पाकिस्तानात १२४ किलोमीटर आत, मियाँ चन्नू शहराजवळ जाऊन पडले. पाकिस्तानी लष्कराच्या सांगण्यानुसार ते ६ वाजून ४३ मिनिटांनी दिसले आणि ६ वाजून ५० मिनिटांनी कोसळले. त्यावर स्फोटके नव्हती, जीवितहानी झाली नाही. भारताने चूक जाहीर कबूल केली ती ११ मार्चला. सात मिनिटांच्या घटनेचा खुलासा यायला दोन दिवस लागले.

आधी तांत्रिक बिघाड सांगितला गेला. ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नसल्याचे ऑगस्टमध्ये निष्पन्न झाले आणि तीन अधिकारी बडतर्फ झाले. सरकारी तिजोरीला २४ कोटींचा फटका बसल्याचे पुढे न्यायालयात सांगण्यात आले. रकमेचा हिशेब लागला, माणसांना शिक्षा झाली, फाइल बंद झाली. असे क्षेपणास्त्र पुन्हा सुटले तर पलीकडे कोणी, कोणाला, किती मिनिटांत कळवायचे, हे बांधून देणारा करार मात्र झाला नाही.

तो का झाला नाही, याचे कारण तंत्रज्ञानात सापडत नाही. शत्रूशी बोलणे म्हणजे नमते घेणे, ही समजूत दोन्ही देशांत राष्ट्रभक्तीचे सोंग घेऊन वावरते. अबोल्याला बाणेदारपणा म्हणायचे आणि धोका कमी करणाऱ्या प्रत्येक कागदाला शरणागती, हा तिचा खाक्या. या पत्रकाचा रोख त्या समजुतीवर आहे.

दोन देशांत करार अगदीच नाहीत, असे नाही. एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार १९८८ मध्ये झाला. त्यानुसार १९९२ पासून दर १ जानेवारीला दोन्ही देश आपापल्या अणुकेंद्रांच्या याद्या एकमेकांना देतात. कारगिल झाले, संसदेवर हल्ला झाला, सरहद्दीवर फौजा उभ्या राहिल्या, तरी यादी गेली आणि यादी आली. तारापूरच्या अणुकेंद्राच्या पंचक्रोशीतील माणूस ज्या थोड्या गोष्टींच्या भरवशावर झोपतो, त्यांत हा रुक्ष कागद आहे.

२००५ च्या कराराने बॅलिस्टिक क्षेपणास्त्राच्या चाचणीची सूचना किमान तीन दिवस आधी देणे बंधनकारक केले. क्रूझ क्षेपणास्त्रे त्यात धरलीच नाहीत. ब्रह्मोस क्रूझ आहे, पाकिस्तानचे बाबरही क्रूझ आहे. आकाशातून कमी उंचीवरून येणारी, रडारला उशिरा दिसणारी, टोकावर काय बांधले आहे हे न कळू देणारी जातच कराराबाहेर राहिली. २००७ चा करार अण्वस्त्रांच्या अपघातांपुरता आहे. रिकामे क्षेपणास्त्र त्याच्या शब्दांत बसत नाही. पण ते रिकामे आहे हे सोडणाऱ्यालाच ठाऊक असते. ज्याच्या अंगावर ते येत असते त्याने काय समजायचे?

अपघाताने महायुद्ध होत नाही, असे म्हणणाऱ्यांनी जुने हिशेब पाहावेत. नोव्हेंबर १९७९ मध्ये सरावाचा कार्यक्रम खऱ्या यंत्रणेत शिरला आणि अमेरिकेला सोव्हिएत हल्ला दिसू लागला. जून १९८० मध्ये ४६ सेंटच्या एका चिपने तोच घोळ घातला. २६ सप्टेंबर १९८३ ला सोव्हिएत उपग्रहांनी पाच अमेरिकी क्षेपणास्त्रे येत असल्याचे सांगितले. ड्यूटीवरील अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव्ह यांनी यंत्रावर विश्वास ठेवला नाही, म्हणून वेळ निभावली. जानेवारी १९९५ मध्ये नॉर्वेने संशोधनाचे रॉकेट सोडले. आगाऊ सूचना दिली होती, पण ती रशियन रडारचालकांपर्यंत पोचली नाही आणि अण्वस्त्रांच्या आदेशाची पेटी राष्ट्राध्यक्षांसमोर उघडली गेली. नुसते कळवून भागत नाही, ते योग्य हातात वेळेवर पडावे लागते. इथे अजून कळवण्याचीच मारामार आहे.

चुकीची किंमतही आकड्यांत मांडून झाली आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये, ज्या महिन्यात ते तीन अधिकारी बडतर्फ झाले त्याच महिन्यात, ‘नेचर फूड’ या नियतकालिकात एक अभ्यास आला. भारत-पाकिस्तानात मोठे अणुयुद्ध झाले तर जळत्या शहरांची काजळी सूर्यप्रकाश अडवील, जगभर पिके बुडतील आणि दोनशे कोटींहून अधिक माणसे मरतील, असा त्याचा अंदाज आहे. दोन्ही देशांची मिळून लोकसंख्याही इतकी नाही. टीव्हीच्या पडद्यावर रोज रात्री कराची बेचिराख करणाऱ्या शूरांना हा आकडा कोणी दाखवत नाही.

‘दहशतवाद आणि चर्चा एकत्र चालत नाहीत,’ हा पहिला आक्षेप. चालत नसतील. पण धोक्याची सूचना ही चर्चा नव्हे. बांधाच्या भांडणावरून कोर्टात गेलेले भाऊही कडब्याच्या गंजीला आग लागली की एकमेकांना हाक मारतात. त्याने कोणी खटला मागे घेत नाही.

‘शत्रूवर विश्वास कसा ठेवायचा?’ हा दुसरा. ठेवूच नये. विश्वास असता तर कराराची गरज काय होती? ऑक्टोबर १९६२ च्या क्यूबा पेचात क्रुश्चेव्ह यांचे एक लांबलचक पत्र वॉशिंग्टनला मिळून उलगडायला सुमारे बारा तास लागले. पुढच्याच वर्षी मॉस्को आणि वॉशिंग्टन थेट टेलिप्रिंटरने जोडले गेले. १९८८ मध्ये दोघांनी क्षेपणास्त्र चाचण्यांची आगाऊ सूचना देण्याचा करार केला. दोघांपैकी कोणीही शेपूट घातले, असे इतिहास म्हणत नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत लाडका: ‘आपल्याकडे बॉम्ब आहे, म्हणून समोरचा घाबरतो.’ घाबरतो तो माणूस. बिघडलेली चिप घाबरत नाही, चुकून दाबलेले बटण घाबरत नाही. आणि घाबरलेल्या माणसाच्या हाती सात मिनिटे असली तर तो शहाणपणानेच वागेल, याची हमी कोणत्या शास्त्राने दिली?

मे २०२५ च्या चार दिवसांच्या भारत-पाकिस्तान लढाईत दोन्ही बाजूंनी क्षेपणास्त्रे आणि ड्रोन डागले. १० मे रोजी दुपारी ३ वाजून ३५ मिनिटांनी दोन्ही सैन्यांच्या लष्करी कारवाई महासंचालकांचे फोनवर बोलणे झाले आणि संध्याकाळी पाचपासून मारा थांबवायचे ठरले. बोलणे म्हणजे दुबळेपणा असेल, तर तो दुबळेपणा त्या दुपारी दोन्ही देशांना उपयोगी पडला.

मागण्या तीन. २००५ च्या करारात क्रूझ क्षेपणास्त्रे घ्यावीत. कोणतेही क्षेपणास्त्र चुकून सुटल्यास ते हवेत असतानाच हॉटलाइनवरून कळवण्याचे लेखी बंधन असावे. या यंत्रणा कोणत्याही तणावात बंद पडणार नाहीत, असा ठराव संसदेने करावा. यासाठी एक इंच जमीन द्यावी लागत नाही, एक बॉम्ब कमी करावा लागत नाही. फक्त न बोलण्याची मिजास सोडावी लागते.