चालत्या चित्रांची पारख

सोलापुरात चादर विकत घेणारा जाणता मनुष्य ती नुसती वरून पाहत नाही. तो ती उलटी करतो, कडा चाचपतो, सूत बोटांत धरून पाहतो आणि मगच किंमत विचारतो. दुकानदारालाही त्याचा राग येत नाही. उलट पारखी गिऱ्हाईक आले म्हणून तो आणखी दोन चादरी पुढे टाकतो. अंगावर घ्यावयाच्या वस्तूची आपण इतकी पारख करतो. मग जे मनावर पांघरावयाचे, त्याची पारख किती करावयास हवी?

हा विचार सुचण्यास कारण झाले आमच्या घरी दिवाळीच्या सुटीत पाहिलेले एक जपानी चित्र. जपानात तयार होणाऱ्या अशा रेखाटलेल्या चालत्या चित्रांना 'ॲनिमे' म्हणतात. मुले त्यांच्यामागे वेडी झाली आहेत, अशी तक्रार अनेक पालकांच्या तोंडून ऐकली होती. खरे सांगावयाचे तर मीही त्या तक्रारखोरांपैकीच एक होतो. मोठ्या डोळ्यांची बाहुल्यांसारखी माणसे आणि तलवारींचा खणखणाट, एवढेच त्यांत असते, असा माझा समज होता.

त्या दिवशी मुलांनी लावलेले चित्र होते 'सुझुमे'. माकोतो शिंकाई या दिग्दर्शकाचे हे चित्र २०२२ साली जपानात आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये भारतात प्रदर्शित झाले. त्याची नायिका सतरा वर्षांची शाळकरी मुलगी आहे. ११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर भूकंप झाला, समुद्र गावांत शिरला. त्या प्रलयात तिची आई गेली आणि मावशीने तिला वाढवले. पुढे तिला कळते, की ओसाड पडलेल्या जागी काही दारे उघडी राहतात आणि त्यांतून भूकंप बाहेर पडतो. ती दारे बंद करीत ती देशभर हिंडते. दार बंद करण्याची रीत मात्र विलक्षण आहे. नुसते बळ लावून ते बंद होत नाही. त्या जागी एके काळी राहणाऱ्या माणसांचे आवाज आधी कान देऊन ऐकावे लागतात. मगच किल्ली फिरते.

माझी आत्या कोपऱ्यात ज्वारी निवडीत बसली होती. ती उमरगा तालुक्यातील. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणेशविसर्जनाच्या दुसऱ्याच दिवशी, चारच्या सुमारास किल्लारी आणि सास्तूरचा परिसर हादरला. दगडमातीच्या जाड भिंती निजलेल्या माणसांवर कोसळल्या आणि काही क्षणांत हजारो जीव गेले. सोलापुरातही लोक घरे सोडून रस्त्यावर आले होते. आत्या त्या पहाटेतून वाचली. परंतु तिने त्याविषयी आम्हांपाशी कधी अवाक्षर काढले नव्हते, आणि आम्हीही कधी विचारले नव्हते.

चित्रात एक प्रसंग येतो. नायिकेची लहानपणची रोजनिशी उघडते आणि ११ मार्चपासूनची पाने नुसती काळ्या रंगाने गिरवून टाकलेली दिसतात. आत्याचा सुपातला हात थांबला. चित्र संपल्यावर ती मुलांना म्हणाली, "आमच्याबी घराला दार होतं. त्या राती उकडत होतं म्हणून मी अंगणात निजले होते. उजाडलं तवा बघितलं, तर दार उभं होतं आन् मागं घर नव्हतं." मग ती तासभर बोलत राहिली. गल्लीत कोण राहत होते, कोणाच्या घरी गणपती बसत असे, कोणाची गाय दाव्याला हिसडे देत होती, सारे तिने सांगितले. मुले हालली नाहीत. जे आम्ही मोठ्यांनी तीस वर्षांत ऐकले नव्हते, ते एका परदेशी चित्रामुळे त्या मुलांनी एका संध्याकाळी ऐकले.

तेव्हापासून 'ही परदेशी खुळे आहेत' असे म्हणण्यापूर्वी मी थांबतो.

या कलेचे मूळही पाहण्यासारखे आहे. पडद्यावरून एका सेकंदात चोवीस चौकटी सरकतात. प्रत्येक चौकटीसाठी नवे चित्र काढावयाचे म्हटले, तर खर्च आणि श्रम आवाक्याबाहेर जातात. म्हणून जपानी कलावंतांनी एकच चित्र दोन किंवा तीन चौकटींपर्यंत स्थिर ठेवण्याची काटकसरीची रीत पत्करली. तरीदेखील मिनिटाला पाचशे-सातशे चित्रे लागावयाचीच. ओसामू तेझुका यांची 'ॲस्ट्रो बॉय' ही मालिका १ जानेवारी १९६३ पासून दर आठवड्यास जपानी दूरचित्रवाणीवर दिसू लागली, ती याच काटकसरीच्या बळावर. सोलापूरच्या वाचकास हे समजण्यास कठीण नाही. जकार्डाच्या मागावर भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ फिरते, तेव्हा चादरीवर एक मोर उमटतो. पाहणाऱ्यास मोर दिसतो; पुठ्ठे दिसत नाहीत. चालत्या चित्रांचेही तसेच आहे.

शिवाय चित्रे दाखवीत गोष्ट सांगणे आपणांस नवे नाही. जपानात १९३० च्या सुमारास गोष्टी सांगणारे लोक सायकलीवर लाकडी चौकट बांधून गल्लोगल्ली हिंडत आणि एकामागून एक चित्र सरकवीत मुलांना कथा सांगत. आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पिंगुळीचे ठाकर कलावंत त्याहून कितीतरी आधीपासून चित्रकथीच्या पोथ्या उलगडीत रामायण-महाभारत गात आले आहेत. दादासाहेब फाळके यांनीही आगकाड्या एकेक चौकट हालवून त्यांना पडद्यावर नाचविले होते. कला अशी देशोदेशी हिंडते; तिला कुंपण घालता येत नाही.

भारताशी तर या कलेचा संबंध जुनाच आहे. १९९३ साली दूरदर्शनवर ज्या मोगलीने रविवारची सकाळ भारून टाकली, तो जपानातच रेखाटला गेला होता. आपल्या मुलांवर रागावणाऱ्या कित्येक पालकांनी बालपणी हे 'ॲनिमे'च डोळे विस्फारून पाहिले आहे! २०१२ साली मुंबईच्या गरीब वस्तीतील एका क्रिकेटपटू मुलाची 'सूरज' ही मालिका जपानी आणि भारतीय कलावंतांनी मिळून केली. परंतु यांत सर्वांत बोलका इतिहास आहे तो रामायणाचा. अलाहाबादजवळील उत्खननाच्या निमित्ताने भारतात आलेले युगो साको यांना रामकथेने वेड लावले. राम मोहन या आपल्या ज्येष्ठ चित्रकाराच्या सहकार्याने त्यांनी तिचे चित्र केले. पवित्र कथा परक्यांनी अशा रीतीने रेखाटावी, हे काहींना रुचले नाही आणि विरोध झाला. १९९३ साली दिल्लीच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात ते दाखविले गेले. पण चित्रपटगृहांतून देशभर प्रदर्शित व्हावयास २४ जानेवारी २०२५ हा दिवस उजाडावा लागला. न पाहता नाकारले की कसे नुकसान होते, याचे हे उदाहरण होय.

याचा अर्थ जे जे जपानातून येते ते ते उत्तम, असा मात्र नव्हे. १२ सप्टेंबर २०२५ रोजी 'डीमन स्लेयर' मालिकेतील 'इन्फिनिटी कॅसल' हे चित्र भारतात प्रदर्शित झाले आणि त्यावर तरुणांच्या उड्या पडल्या. कोळसा विकणाऱ्या एका मुलाचे कुटुंब राक्षस मारतात, बहीण राक्षसी होते, आणि तिला माणसात आणण्यासाठी तो तलवार हाती घेतो, अशी ही कथा. मरणाऱ्या राक्षसाचे पूर्वायुष्य आठवून नायकाच्या मनात करुणा येते, हा तिचा खरा गुण आहे. पण त्या करुणेपर्यंत पोचण्यासाठी रक्ताचे इतके पाट ओलांडावे लागतात, की कोवळ्या मुलाच्या लक्षात करुणा राहील की रक्त, याची मला शंका वाटते. म्हणून हे चित्र लहानांनी पाहू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

लहानांसाठी हायाओ मियाझाकी यांचे 'माय नेबर तोतोरो' हे १९८८ सालचे चित्र आहे. आई रुग्णालयात असलेल्या दोन बहिणींना रानात एक प्रचंड, मऊ, मुका सोबती भेटतो. त्यात दुष्ट कोणीच नाही. तरीही मुले श्वास रोखून पाहतात. भय दाखविल्यावाचून गोष्ट रंगत नाही, हा समज हे चित्र खोटा ठरविते. थोड्या मोठ्या मुलांसाठी मी 'फ्रीरेन' ही २०२३-२४ मधील मालिका सुचवीन. हजार वर्षांहून अधिक जगणाऱ्या एका जादूगारणीने दहा वर्षे ज्यांच्यासोबत प्रवास केला, त्यांतला एक सोबती म्हातारा होऊन मरतो. त्याच्या अंत्यविधीच्या वेळी तिला उमगते, की या माणसाविषयी आपण काही जाणूनच घेतले नाही. पुढची सारी कथा त्या पश्चात्तापातून निघते. घरात वृद्ध माणूस असलेल्या प्रत्येकाने ती पाहावी. माझ्या आत्याकडे पाहताना मला ती नेहमी आठवते.

आता एका थोर चित्राविषयी, आणि तेथेच चादर उलटून पाहण्याची खरी वेळ येते. इसाओ ताकाहाता यांचे 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' हे १९८८ सालचे चित्र आठवीच्या पुढील मुलांनी वडीलधाऱ्यांसोबत पाहावे. १९४५ साली कोबे शहरावर बाँब पडतात, आई दगावते, आणि चौदा वर्षांचा भाऊ व चार वर्षांची बहीण उपासमारीने झिजत जातात. ताकाहाता स्वतः लहानपणी ओकायामावरील बाँबहल्ल्यातून वाचले होते. म्हणून त्या चित्रातली आग रंगविलेली वाटत नाही. युद्ध म्हणजे पराक्रम नव्हे, ते लेकरांच्या तोंडचा घास हिरावते, हे इतक्या स्पष्टपणे सांगणारी चित्रे थोडीच असतील.

ही झाली वरची बाजू. उलटी बाजू सोलापूरकरास इतरांहून लवकर दिसावयास हवी. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १९१० साली याच शहरात झाला. जपानने चीनवर आक्रमण केले असताना, १९३८ साली भारतातून गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात ते होते. जखमी चिनी सैनिकांची आणि गावकऱ्यांची शुश्रूषा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांनी तेथेच देह ठेवला. कोबेच्या त्या दोन मुलांसाठी आपण अश्रू ढाळतो, ते योग्यच आहे. परंतु कोटणीसांनी ज्यांच्या जखमा बांधल्या, ती माणसे त्या चित्रात नाहीत. हा त्या चित्राचा दोष म्हणावा काय? मला तसे वाटत नाही. एक चित्र एकच गोष्ट सांगू शकते. पण पाहणाऱ्याने तेवढ्यावर थांबू नये. चित्र संपल्यावर कोटणीसांच्या स्मारकात जाऊन यावे. म्हणजे त्याच युद्धाचे दुसरे अंगही कळेल. दोन्ही बाजू पाहिल्या म्हणजे चित्राविषयीचा आदर उणावत नाही, आपली समज तेवढी वाढते.

एक खंत मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. २०२५ साली चित्रपटगृहांत आलेले ते रामायण आणि 'इन्फिनिटी कॅसल' ही दोन्ही चित्रे हिंदी, तमिळ आणि तेलुगू भाषांत ऐकावयास मिळाली, मराठीत नाही. आमच्या पूर्व भागातील तेलुगू बोलणाऱ्या विणकराच्या मुलाला परदेशी कथा मातृभाषेत मिळते, याचा मला आनंद आहे. त्याच्या शेजारी बसणाऱ्या मराठी मुलाला मात्र ती मिळू नये, याचे वाईट वाटते. त्यासाठी दुसऱ्या कोणास बोल लावण्यात अर्थ नाही. आपण मागणी करीत नाही, आणि मागितल्याशिवाय आई देखील जेवू घालीत नाही, अशी आपल्याकडे म्हण आहे.

पालकांस मी एवढेच विनवीन, की मुलांना नुसते रागावू नका, त्यांच्याजवळ बसा. मुलांस सांगेन, की एका दिवसात दहा भाग संपविण्यापेक्षा एक पाहा आणि त्यावर बोला. या गोष्टीत कोण दिसले, कोण दिसले नाही, हे स्वतःला विचारा. आणि पाहताना घरातील एखाद्या वृद्ध माणसाला शेजारी बसवून घ्या.

सोलापुरातही ओसाड दारे पुष्कळ आहेत. १८७७ साली येथे कापडाची पहिली गिरणी सुरू झाली. पुढे आणखी निघाल्या. भोंग्याच्या आवाजावर शहर उठू-बसू लागले. त्या जुन्या गिरण्या बंद पडून आता कित्येक वर्षे लोटली. परवा अशाच एका पडक्या भिंतीजवळून जाताना माझ्या भाचीने मला विचारले, "मामा, येथे कोण काम करीत होते?"

मी तिला आजोबांच्या एका जुन्या सोबत्याकडे घेऊन गेलो. आम्ही परतलो तेव्हा रात्र झाली होती.

स्वाध्याय

१. 'चादर उलटून पाहणे' म्हणजे काय, हे पाठातील दोन उदाहरणे देऊन स्पष्ट करा.
२. आत्याने तीस वर्षांनंतर त्या पहाटेविषयी सांगितले, याचे कारण तुमच्या मते काय असावे?
३. 'एक चित्र एकच गोष्ट सांगू शकते' हे लेखकाचे मत तुम्हांस पटते काय? सकारण लिहा.
४. तुमच्या गावातील बंद पडलेल्या एखाद्या जागेविषयी वडीलधाऱ्यांकडून माहिती मिळवून दहा ओळी लिहा.