मशेरीचा तवा आणि मराठीचा वर्ग

घाटकोपरच्या आमच्या महाविद्यालयात द्वितीय वर्षाला एक ग्रामीण कथा शिकवीत होते. कथेतील म्हातारी उंबऱ्यात बसून मशेरी लावते. मी सवयीने म्हणाले, 'हा अस्सल ग्रामीण तपशील.' असल्फा भागातील टेकडीवर राहणारी एक विद्यार्थिनी उठून म्हणाली, 'मॅडम, ग्रामीण कसला? आमची आजी रोज सकाळी तव्यावर भाजते. घरभर ठसका उठतो.' वर्ग हसला. मी मात्र निरुत्तर झाले.

निरुत्तर होण्याचे कारण वेगळे होते. ती ज्या तव्याविषयी बोलत होती, त्यावरील काळ्या पुडीचा अभ्यास आमच्या स्थानकापासून लोकलने अर्ध्या तासाच्या आत गाठता येणाऱ्या परळमध्ये १९८० च्या दशकातच झाला होता. १९५२ साली उभ्या राहिलेल्या आणि पुढे टाटा मेमोरियल सेंटरचा भाग झालेल्या कर्करोग संशोधन संस्थेत डॉ. सुमती भिडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मशेरीतील रसायनांचा शोध घेतला. जिवाणूंवर आणि प्रयोगशाळेतील प्राण्यांवर चाचण्या करून त्यांनी ती जनुकीय बदल घडविणारी आणि कर्करोगकारक असल्याचे दाखविले.

ही प्रक्रिया साहित्याच्या विद्यार्थ्याने समजून घ्यावी अशी आहे. तंबाखूत नायट्रोसमाइन गटातील विषारी द्रव्ये असतातच. पाने भाजताना अर्धवट जळण्यातून बेंझोपायरीनसारख्या द्रव्यांची त्यांत भर पडते. यांपैकी बरीच द्रव्ये मूळ रूपात डीएनएला थेट इजा करीत नाहीत. शरीर त्यांना बाहेर टाकण्यासाठी त्यांचे रूप बदलू पाहते, आणि त्या खटपटीतच ती उग्र बनून डीएनएला चिकटतात. पेशीजवळ दुरुस्तीची यंत्रणा असते. पण दुरुस्तीआधीच पेशीचे विभाजन झाले, तर प्रत उतरविताना चुकीचे अक्षर पडते. हस्तलिखितांची पाठचिकित्सा करणाऱ्यांना हे नवे नाही: एका लेखनिकाचा प्रमाद पुढच्या प्रत्येक प्रतीत मूळ पाठ म्हणून मिरवतो. असे प्रमाद मोक्याच्या जागी साचत गेले की पेशीची वाढ आवरेनाशी होते.

हे संशोधन इंग्रजी नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. विज्ञानाच्या व्यवहारात ते अपरिहार्यच होते, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु त्या निबंधांत एक शब्द अस्सल मराठी होता, तो म्हणजे 'मशेरी'. तो रोमन लिपीत जगभरच्या ग्रंथालयांत पोहोचला. जिच्या तोंडी तो होता त्या बाईपर्यंत मात्र त्याच्याविषयीचा निष्कर्ष परत आला नाही. मराठीतून विज्ञान हा विषय निघाला की आपण परिभाषेच्या अडचणी सांगतो. येथे तर शब्द घडविण्याचीही गरज नव्हती.

यावर कोणी म्हणेल, तंबाखू घातक आहे हे आता कोणाला ठाऊक नाही? पाकिटांवर चित्रे छापलेली असतात. खरे आहे, पण घरी भाजलेल्या मशेरीला पाकीट नसते. दंतमंजनात तंबाखू वापरण्यास १९९२ मध्ये केंद्र शासनाने बंदी घातली, २०१२ मध्ये महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली. हे कायदे कारखान्याला आणि दुकानाला गाठू शकतात, स्वयंपाकघरातल्या तव्याला नाही. शिवाय अनेक बायकांच्या लेखी मशेरी हे व्यसन नसून दात घासण्याचे साधन आहे. 'तंबाखू खाऊ नका' हा उपदेश आपल्याला उद्देशून आहे, असे त्यांना वाटतच नाही. हा प्रश्न जितका वैद्यकाचा, तितकाच शब्दार्थाचा आहे. आणि शब्दार्थ हे तर आमचे क्षेत्र.

दुसरा आक्षेप असा की, साहित्याचे अध्यापन म्हणजे आरोग्यप्रचार नव्हे. तेही मान्य. कथेतल्या म्हातारीकडून मशेरीची डबी काढून घ्या, असे मी म्हणत नाही. लेखकाने पाहिले ते लिहिले. चूक आमची, समीक्षकांची आणि अध्यापकांची आहे. त्या डबीला आम्ही 'प्रादेशिक रंग' असे नाव दिले आणि पान उलटले. तिच्यामागचा पहाटेचा रिकामा वेळ, मारलेली भूक, लागलेली तलफ आणि गालाच्या आत झालेली न भरणारी जखम या सर्वांना वास्तववादाच्या चर्चेत जागा असायला हवी होती. वास्तवाचे नाव घेऊन आम्ही त्याची केवळ सजावट केली.

पुढच्या तासाला मी ती कथा पुन्हा काढली, आणि विद्यार्थ्यांना घरी जाऊन एका पानात मशेरीविषयी लिहायला सांगितले: आजीच्या शब्दांत एक परिच्छेद, आणि तिला समजेल अशा मराठीत विज्ञानाचा एक. पहिला परिच्छेद बहुतेकांना सहज जमला. दुसरा लिहिताना वर्गातले सर्वांत चांगले निबंधकारही अडखळले. हे अडखळणे त्यांचे नाही. ते आम्ही इतकी वर्षे शिकविलेल्या मराठीचे आहे.